मूठभर सळया: ‘ड्रॅक्मा’ आणि आपला ‘दाम’

दोन प्रश्न एकत्र विचारले जातात. ‘ड्रॅक्मा’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘मूठ’ असं सांगतात, ते खरं का? आणि मराठीतला ‘दाम’ त्याच्यावरून आलाय, की दोन्ही एखाद्या तिसऱ्याच जुन्या शब्दाची लेकरं?

थोडक्यात सांगायचं तर ‘मूठ’ हा अर्थ बरोबर आहे, पुरावाही चांगला आहे. ‘दाम’ मात्र ग्रीक शब्दाचा भाऊ नाही, तो उसना आणलेला आहे. हा फरक नीट धरला नाही तर पुढची सगळी चर्चा भरकटते, म्हणून उत्तर लांबवतो.

आधी उच्चार, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. ‘ड्रॅक्मा’ हे इंग्रजीतून आलेलं रूप आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातल्या अथेन्समध्ये हा शब्द ‘द्रख्मे’च्या जवळपास उच्चारला जाई. सुरुवातीचा ‘द’ दंत्य, ‘ड’ नव्हे. मधला ‘ख’ महाप्राण, आपल्या ‘ख’सारखाच. शेवटचा ‘ए’ दीर्घ आणि स्वराघात त्याच्यावर. अनेकवचन ‘द्रख्माइ’. इंग्रजीत ना दंत्य ‘द’ आहे, ना वेगळा महाप्राण ‘ख’. देवनागरीत दोन्ही आयते आहेत, तरी आपण ‘ड्रॅक्मा’च लिहितो. आधुनिक ग्रीकमध्ये ‘ख’चा घर्षक (घशात घासत निघणारा ध्वनी) झाला, ‘ए’चा ‘ई’ झाला, त्यामुळे आजच्या उच्चाराला ‘द्राख्मी’ जवळचं. जुन्या काळाबद्दल लिहिताना ‘द्रख्मे’, नोटा-नाण्यांच्या आधुनिक काळाबद्दल ‘द्राख्मी’, असं मी सुचवेन. खाली ‘द्रख्मे’च वापरतो.

आता अर्थ. ‘द्रास्सोमाइ’ हे ग्रीक क्रियापद: मुठीत पकडणे, आवळून धरणे. त्याच धातूपासून ‘द्राक्स’, म्हणजे मूठ किंवा मुठीत मावेल तेवढं. ‘द्राग्मा’ म्हणजे कापणी करणाऱ्याच्या डाव्या हातात येणारी कणसांची मूठ, आणि त्यावरून पेंढी. मूळ धातूला ‘-मे’ प्रत्यय लागून ‘द्रख्मे’. हा प्रत्यय ग्रीकमध्ये सर्रास आढळतो: ‘ग्राफो’ (ओरखडणे, लिहिणे) वरून ‘ग्राम्मे’, म्हणजे रेघ, तसंच किंमत आणि मान या दोन्ही अर्थांचा ‘तिमे’. तेव्हा ‘द्रख्मे’ म्हणजे ‘एका पकडीत येतं ते’. मोजमापाचा शब्द असा तयार होणं आपल्याला नवीन नाही. पाच पेंढ्यांचा पाचुंदा बांधणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

व्युत्पत्ती तपासताना एकाच बोलीवर विसंबू नये. ‘द्रख्मे’ हे अथेन्सच्या, म्हणजे ॲटिक बोलीतलं रूप. एलिस आणि आर्केडिया भागातल्या कोरीव लेखांत ‘दर्ख्मा’ आढळतं, क्रीट बेटावर ‘दर्कना’. ‘र’ची जागा बदलली आहे: कुठे ‘द्र’, कुठे ‘दर्’. हे लिहिणाऱ्याची चूक म्हणून सोडून देऊ नका, कारण तीच खरी खूण आहे. अतिप्राचीन भाषेत जिथे ‘ऋ’सारखा स्वर होता, तिथे ग्रीक बोलींत कधी ‘र’ पुढे येतो, कधी मागे. हृदयाला अथेन्समध्ये ‘कर्दिआ’, होमरच्या काव्यात ‘क्रदिए’, आणि संस्कृतात ‘हृद्’. म्हणजे ‘द्रख्मे’ हा शब्द ग्रीकमध्ये कुठून तरी उशिरा शिरलेला नाही. बोली वेगळ्या होण्याआधीपासून तो तिथे नांदत होता. नाणी मात्र त्यानंतर कितीतरी शतकांनी आली. मग नाणी नसताना मुठीत काय धरत असत?

सळया. मांस भाजायच्या लोखंडी सळया.

ग्रीकमध्ये सळईला ‘ओबेलोस’ म्हणत. अथेन्सचं सर्वांत परिचित छोटं नाणं ‘ओबोलोस’, आणि हा त्याच शब्दाचा ॲटिक अवतार. डेल्फीच्या बोलीत दोन्हीकडे ‘ओदेलोस’. सहा ओबोलोस म्हणजे एक द्रख्मे. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क याने लायसँडर या स्पार्टाच्या सेनापतीच्या चरित्रात स्पष्ट सांगितलंय: पूर्वी लोखंडाच्या, काही ठिकाणी तांब्याच्या सळया पैशासारख्या चालत, म्हणून सुट्या नाण्यांना अजून ओबोलोस म्हणतात आणि सहांची द्रख्मे होते, कारण हाताच्या पकडीत तेवढ्याच मावत.

प्लुटार्क इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्याने सांगितलेली गोष्ट त्याच्याही आधी सात-आठशे वर्षं घडलेली. नुसत्या त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवू नये, आणि बराच काळ ठेवलाही नव्हता. चित्र बदललं ते उत्खननांनी. आर्गोस या ग्रीक शहराजवळच्या हेरा देवीच्या मंदिरात १८९२ ते १८९५ या काळात खोदकाम झालं, त्यात लोखंडी सळयांचा एक मोठा जुडगा सापडला. सळया मीटरभराहून लांब, गंजून एकमेकींना चिकटलेल्या. प्राचीन कोशकारांनी नोंदवलं होतं की आर्गोसचा राजा फेइडोन याने नाणी चालू केल्यावर जुन्या सळया गोळा करून याच देवीला वाहिल्या. जुडगा आज अथेन्सच्या नाणेसंग्रहालयात आहे. पुढे आर्गोसमध्येच ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या अखेरच्या एका योद्ध्याच्या थडग्यात, चिलखताबरोबर, बारा सळया निघाल्या. बारा म्हणजे नेमक्या दोन मुठी. शिवाय ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की ऱ्होदोपिस नावाच्या गणिकेने कमाईच्या दहाव्या हिश्श्यातून आख्खा बैल भाजता येईल अशा लोखंडी सळया करवून डेल्फीच्या देवस्थानाला वाहिल्या. लोखंड दुर्मीळ असताना सळई हा वापरता येणारा, साठवता येणारा, मोजता येणारा ऐवज होता.

यात लोक हमखास चुकतात ते फेइडोनच्या बाबतीत. ‘फेइडोनने पहिली ग्रीक नाणी पाडली’ असं वाक्य अजून छापलं जातं. फेइडोनचा काळ वादग्रस्त आहे, ख्रिस्तपूर्व आठवं शतक म्हणा की सातवं. एजायना बेटाची कासवाच्या छापाची नाणी, जी त्याच्या नावावर खपवतात, ती सहाव्या शतकातली. मंदिरात सळयांचा जुडगा सापडला एवढं पक्कं. तो फेइडोनने वाहिला हे पक्कं नाही.

जाता जाता: ‘ओबेलोस’चं लघुरूप ‘ओबेलिस्कोस’, म्हणजे छोटी सळई. इजिप्तमधले प्रचंड दगडी स्तंभ पाहून ग्रीकांनी त्यांना हे नाव ठेवलं. थट्टाच ती. आज जगभर ओबेलिस्क म्हणतात तो हाच शब्द.

सळया गेल्या, शब्द राहिला. आधी मोजणीचं एकक, मग चांदीच्या वजनाचं, मग नाण्याचं नाव, असा हा क्रम. ॲटिक मापात एक द्रख्मे साधारण ४.३ ग्रॅम चांदी, ओबोलोस ०.७२ ग्रॅम. शंभर द्रख्मेंची एक ‘म्ना’, साठ म्नांचा एक ‘तालान्तोन’. म्हणजे तालान्तोन सहा हजार द्रख्मेंचा, सुमारे २६ किलोचा. व्यवहारात घुबडाच्या छापाचं चार द्रख्मेंचं नाणं जास्त फिरे, वजन सुमारे १७.२ ग्रॅम. सगळी शहरं हीच मापं पाळत असं समजू नका. एजायनाची द्रख्मे ६ ग्रॅमच्या थोडी वर, कॉरिंथची ३ ग्रॅमच्याही आत. त्यामुळे मजकुरात नुसतं ‘शंभर द्रख्मे’ दिसलं की कुठल्या मापाच्या हे विचारल्याशिवाय हिशेब करू नये.

किंमत डोळ्यांसमोर यावी म्हणून: ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या शेवटी अथेन्सच्या टेकडीवरच्या एरेख्थेइओन मंदिराचे बांधकाम-हिशेब दगडावर कोरलेले आहेत, त्यात कारागिराची रोजंदारी एक द्रख्मे. न्यायसभेत बसणाऱ्याला दिवसाचे तीन ओबोलोस, म्हणजे अर्धी. तीन ओबोलोसचं नाणं जेमतेम दोन ग्रॅमचं. अंगरख्याला खिसा नसल्याने लोक सुटे पैसे गालात धरून हिंडत. आरिस्तोफानेसच्या एका नाटकात म्हातारा न्यायसभेतून घरी येतो, तेव्हा मुलगी ‘पप्पा पप्पा’ करत लाडाने त्याच्या तोंडातलं नाणं जिभेने काढून घेते. मृताच्या तोंडात ओबोलोस ठेवायची चाल या सवयीशी जुळती आहे.

आता दुसरा प्रश्न. आधी ‘भाऊ’ आणि ‘उसना’ यांतला फरक एका शेजारच्या शब्दावर पाहू. ‘तालान्तोन’चा मूळ अर्थ तराजू, तराजूचं पारडं. संस्कृत ‘तुला’ त्याच मुळातली, ‘उचलणे, पेलणे’ या अर्थाच्या धातूपासून. इथे कोणी कोणाकडून घेतलं नाही; दोघांना वारसाहक्काने मिळालं. म्हणून ‘तुला’ संस्कृतात जुन्या काळापासून आहे, तिच्याशी नातं सांगणारे ‘तोलणे’, ‘तुलना’ असे शब्द भोवती आहेत. ‘द्रम्म’ या संस्कृत शब्दाचं तसं नाही. त्याला संस्कृतात धातू नाही, गोतावळा नाही. पाणिनीला कार्षापण आणि निष्क ही जुनी चलनं माहीत आहेत, द्रम्म नाही. शब्द असा एकटा, उशिरा आणि थेट पैशाच्याच अर्थाने येतो तेव्हा तो बाहेरून आलेला समजावा. ‘द्रव्य’वरून ‘द्रम्म’ काढणारे भेटतात. त्यांना ‘म्म’ कुठून आला ते विचारावं.

कसा आला? इथे माझी भूमिका अशी की नाणं, वजन आणि शब्द हे तीन प्रवासी वेगवेगळ्या वाटांनी आलेत, आणि त्यांना एका गाडीत कोंबलं की इतिहास चुकतो.

नाणं पहिलं आलं. बॅक्ट्रियाचे, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानच्या भागातले, ग्रीक राजे हिंदुकुश ओलांडून आल्यावर त्यांनी चांदीच्या द्रख्मेचं वजन उतरवून २.४५ ग्रॅमच्या आसपास आणलं, इथल्या वजनमानाशी जमवण्यासाठी. त्यांच्यातल्या पहिल्या अपोलोदोतोस राजाचं नाणं हातात घेतलं तर हे तडजोडीचं काम लगेच दिसतं: नाणं चक्क चौकोनी, आपल्या आहत (ठशांनी चिन्हं उमटवलेल्या) नाण्यांसारखं. एका बाजूला हत्ती आणि ग्रीक अक्षरं, दुसरीकडे वशिंडाचा बैल आणि खरोष्ठी लिपीत ‘महरजस अपलदतस त्रतरस’. त्यावर ‘द्रख्मे’ हा शब्द नाही. तो कुठल्याच बाजूला नसतो. हे नाव आज नाणेतज्ज्ञ वजनावरून देतात, आणि तिथेच नवखे फसतात.

या नाण्यांचा आपल्या भागाशी संबंध कागदोपत्री आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेलं ‘पेरिप्लुस’ हे समुद्रमार्गाचं टिपण सांगतं की बारिगाझा, म्हणजे भरूच, इथे अपोलोदोतोस आणि मेनान्द्रोस यांच्या ग्रीक अक्षरांच्या जुन्या द्रख्मे अजून चालतात. त्याच टिपणात भरूचला माल पाठवणाऱ्या बाजारपेठा म्हणून पैठण आणि तगर, म्हणजे तेर, यांची नावं आहेत.

पण याच परिसरात त्या चांदीच्या नाण्याला लोक काय म्हणत? नहपान क्षत्रपाची नाणी पाहा. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला, त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. नहपानाच्या नाण्यावर ग्रीक, खरोष्ठी आणि ब्राह्मी अशा तीन लिप्या. ग्रीक अक्षरांत भाषा मात्र प्राकृत. घडण सरळ ग्रीक द्रख्मेच्या वळणाची. तरीही त्याचा जावई उषवदात नाशिकच्या लेण्यातल्या लेखात हिशेब लिहितो तो ‘काहापणां’त, म्हणजे कार्षापणांत: सत्तर हजार काहापण, पस्तिसाला एक सुवर्ण या दराने दोन हजार सुवर्ण. नाणं ग्रीक धाटणीचं, नाव देशी. म्हणून ‘इंडो-ग्रीक नाणी महाराष्ट्रात पोचली, म्हणून दाम शब्द आला’ हा सोपा हिशेब चुकीचा.

शब्दाचा माग वायव्येकडे लागतो. मध्य आशियातल्या निया इथे मिळालेल्या, साधारण इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या खरोष्ठी दस्तऐवजांत सोन्याच्या हिशेबात ‘सतेर’ आणि ‘द्रख्म’ येतात. ‘सतेर’ म्हणजे ग्रीक ‘स्तातेर’. ‘द्रख्म’मध्ये ‘ख’ अजून शाबूत आहे, हे विशेष. दुसरी वाट इराणची. ग्रीक शब्द इराणात जाऊन मध्य पर्शियनमध्ये, म्हणजे ससानी राजांच्या काळच्या भाषेत, ‘द्रह्म’ झाला. ससानी राजांचं चार ग्रॅमच्या आसपासचं पातळ, रुंद चांदीचं नाणं ते हेच. इसवी सनाच्या पाचव्या शतकापासून ही नाणी आणि त्यांच्या नकला पश्चिम भारतात पसरल्या. राजाचा मुखवटा आणि अग्निवेदी नकलेच्या नकलेत झिजत शेवटी नुसत्या रेघा आणि ठिपके उरले, तीच गधैया नाणी. आणि नेमका याच काळानंतर पश्चिम आणि उत्तर भारतातल्या लेखांत ‘द्रम्म’ वारंवार दिसू लागतो. प्रतिहार घराण्यातल्या भोज राजाच्या नाण्याला तर ‘आदिवराह द्रम्म’ असंच म्हणत. मूळ ग्रीक, यात शंका नाही. पण मध्ययुगीन ‘द्रम्म’ला बळ मिळालं ते इराणी नाण्यामुळे, असं माझं मत. ‘ह्म’चा ‘म्म’ किंवा ‘म’ होणं आपल्या जिभेला सोपं आहे: ब्राह्मणाचा बामण झालाच ना.

इथून मराठीपर्यंतची वाट नियमाने चालते. जोडाक्षरातला ‘र’ गळतो, ‘द्रम्म’चा ‘दम्म’ होतो. मग दुहेरी व्यंजन एकेरी होतं आणि आधीचा स्वर भरपाई म्हणून लांबतो: कर्म, कम्म, काम. चर्म, चम्म, चाम. घर्म, घम्म, घाम. तसाच दम्म, दाम. पुढे प्रत्यय लागला की स्वर पुन्हा आखडतो: चाम पण चमडी, दाम पण दमडी. ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ या म्हणीत हे दोन्ही नमुने शेजारी बसलेले आहेत. व्याकरण शिकवायला याहून चांगलं वाक्य मिळणार नाही.

द्रम्माचा इथला भाव कळायला भास्कराचार्यांची लीलावती पुरेशी आहे, काळ इ.स. ११५० च्या सुमाराचा. सुरुवातीलाच कोष्टक आहे: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. म्हणजे द्रम्माच्या १२८० कवड्या. पुढे अपूर्णांकांचा अपूर्णांक काढायच्या प्रकरणात एक उदाहरण येतं. एका कंजुषाने याचकाला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन-तृतीयांशाच्या तीन-चतुर्थांशाच्या पाचव्या हिश्श्याच्या सोळाव्या भागाचा पाव भाग दिला, तर कवड्या किती? करून पाहा: अर्ध्याचे दोन-तृतीयांश म्हणजे एक-तृतीयांश, त्याचे तीन-चतुर्थांश म्हणजे पाव, त्याचा पाचवा हिस्सा विसावा, सोळाने भागून ३२० वा, चाराने भागून १२८० वा. उत्तर एक कवडी. ग्रीक सळयांची मूठ चाळीसगाव परिसराशी नातं सांगणाऱ्या गणितज्ञाच्या हातून अशी कवडीपर्यंत सोलली गेली.

आणि ‘दाम’ हे मराठी रूप? त्याच परिसरात, चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात, शके ११२८ मध्ये. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाला दिलेल्या दानाचा हा लेख आहे. बराचसा संस्कृतात, पण बाजारातल्या करांचा तपशील आला की लेखक मराठीवर येतो, आणि तिथे ग्राहकाकडून घ्यायचा ‘दामाचा विसोवा’, म्हणजे दामाचा विसावा भाग, लिहिलेला आहे. आजोबांच्या ग्रंथात ‘द्रम्म’, नातवाच्या लेखाच्या मराठी भागात ‘दाम’. एकाच घराण्यात शास्त्राची भाषा आणि बाजाराची भाषा इतकी स्वच्छ वेगळी क्वचित दिसते.

पुढचं पटकन सांगतो. अकबराच्या काळी ‘दाम’ तांब्याचा झाला, वजनाला वीस ग्रॅमच्या वर, आणि चाळीस दामांचा एक रुपया. चांदी गेली, नाव राहिलं, भाव घसरला. दमडी आणि छदाम ही त्या घसरणीची टोकं. नंतर नाणं विसरलं गेलं आणि ‘किंमत, पैसा’ एवढाच अर्थ उरला. दामदुप्पट, म्हणजे व्याजाची एका वेळची वसुली मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये हा नियम, मनुस्मृतीत ‘द्वैगुण्य’ या शब्दाने आधीच आहे. ‘दाम’ त्यावर नंतर चिकटला. पश्चिमेला तोच ग्रीक शब्द लॅटिनमार्गे औषधांच्या दुकानात ‘ड्रॅम’ झाला, ६० ग्रेनचा, ३.८९ ग्रॅमचा. इराणी ‘द्रह्म’चा अरबीत ‘दिरहम’ झाला. दुबईत दिरहममध्ये पगार घेणारा मराठी माणूस घरी पाठवतो तो अक्षरशः दामच. ग्रीसमध्ये १८३२ साली पुनरुज्जीवित झालेली द्राख्मी ३४०.७५ ला एक युरो या दराने मोडीत निघाली, आणि २००२ पासून युरोच्या नोटा चालू झाल्या.

शेवटी दोन सापळे. ‘दामोदर’मधला ‘दाम’ वेगळा. तो संस्कृत ‘दामन्’, म्हणजे दोर. ज्याच्या पोटाला दोर बांधला तो दामोदर. पैशाशी काही संबंध नाही. दुसरा जास्त फसवा: ‘साम, दाम, दंड, भेद’. राजनीतीच्या ग्रंथांत चार उपाय साम, दान, भेद, दंड असे आहेत. ‘दान’ म्हणजे देऊन वश करणं. बोलण्यात ‘साम’ला यमक जुळवून ‘दान’चा ‘दाम’ झाला आणि अर्थही जुळत असल्याने कोणाला खटकलं नाही. कौटिल्याच्या सूत्रात ग्रीक शब्द सापडला म्हणून कोणी लेख लिहायला बसलं असेल, तर आधी मूळ पाठ उघडून पाहावा.